विंडोजवरून लिनक्सवर : एका नावातला 'स्वाद'

आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोंचा एक अल्बम मी गेली काही वर्षे जमेल तसा तयार करतो आहे. फोटो स्कॅन करायचा, ओरखडे आणि वाळवीचे डाग काढायचे, खाली उभ्या-बसलेल्यांची नावे लिहायची, उर्दूत आणि मराठीत. नावे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून घाई असते. घाईत चूक झाली. एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या नावात 'स्वाद' हवा होता तिथे मी 'सीन' टंकला. मराठीत दोन्हीचा 'स'च होतो, त्यामुळे मराठी ओळ बरोबर होती आणि उर्दू ओळ चूक. त्यांच्या मुलीने, ज्यांना आम्ही सगळे आपा म्हणतो, फोटो पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "सर, अब्बांनी तुम्हाला हाच इमला शिकवला होता का?" उर्दू शिकवणाऱ्या माणसाला याहून जास्त काही सांगावे लागत नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण ती करायला बसलो तोवर माझा संगणक बदललेला होता. यंत्र तेच, आतली व्यवस्था नवी. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ माझ्या जुन्या यंत्रावर चढेना, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एका माजी विद्यार्थ्याने त्यावर उबुंटू बसवून दिले, म्हणजे लिनक्स. यंत्र पुन्हा पळायला लागले. फोटोशॉप मात्र गेले.

इथे एक कबुली देऊन टाकतो. ते फोटोशॉप मी कधी विकत घेतलेले नव्हते. कोणीतरी दिलेल्या सीडीवरून बसवले होते, जसे आपल्याकडे बहुतेकांनी बसवले. वर्गात मुलांना अमानत म्हणजे काय ते समजावून सांगणारा मी, घरी दुसऱ्याची मेहनत फुकट वापरत होतो आणि त्याचे काही वाटतही नव्हते. २०१३ मध्ये अडोबीने डबा विकणे थांबवून महिन्याच्या भाड्याची पद्धत आणली तेव्हा आम्ही 'लूट' म्हणून ओरडलो. ज्यांनी एक रुपया दिला नव्हता तेही ओरडले. असो.

फोटोशॉप लिनक्सवर का चालत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला तर तो म्हणाला, "सर, ते त्यासाठी बनवलेलेच नाही." उत्तर बरोबर होते, पण मला त्यामागची गोष्ट हवी होती. १९८७ मध्ये थॉमस नॉल हा मिशिगन विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी आपल्या मॅकिंटॉश प्लसवर एक छोटा प्रोग्राम लिहीत होता. त्या यंत्राच्या पडद्यावर फक्त काळे किंवा पांढरे ठिपके दिसत. त्यावर करड्या छटा दिसाव्यात, एवढाच त्याचा उद्देश. वडील प्राध्यापक आणि हौशी छायाचित्रकार, घरात डार्करूम. भाऊ जॉन चित्रपटांतली चमत्कृती-दृश्ये करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीत. दोघांनी मिळून ते वाढवले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने फोटोशॉप १.० बाजारात आणले, फक्त मॅकसाठी. विंडोजवाल्यांना ते मिळाले २.५ या आवृत्तीपासून. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्या पहिल्या पिढीच्या फोटोशॉपचा मूळ कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. सुमारे १,२८,००० ओळी, बहुतेक पास्कल भाषेत आणि उरलेल्यातला बराचसा भाग थेट मॅकच्या ६८००० या प्रोसेसरच्या बोलीत. एका यंत्राच्या बोलीत लिहिलेले दुसऱ्या यंत्राला कळत नाही. ते पुन्हा लिहावे लागते, आणि पुन्हा लिहायचे की नाही हे गिऱ्हाईक किती त्यावर ठरते. एके काळी अडोबीने सोलारिस आणि आयरिक्स या युनिक्सच्या महागड्या यंत्रांसाठीही फोटोशॉप काढले होते. लिनक्ससाठी कधीच नाही.

गिऱ्हाईक मोठे असेल तर वाट निघते. २००३ च्या सुमारास डिस्ने आणि इतर काही स्टुडिओंनी कोडवीव्हर्स या कंपनीला पैसे देऊन 'वाइन'मध्ये सुधारणा करवून घेतल्या, कारण त्यांचे चित्रकार लिनक्सवर गेले होते आणि त्यांना फोटोशॉप हवे होते. वाइन हे १९९३ पासून चालू असलेले काम. विंडोजचा प्रोग्राम जे काही मागतो ते लिनक्सकडून मिळवून देणारा हा मधला दुभाषा. मीही प्रयत्न केला. प्रोग्राम उघडला, उर्दूची ओळ टंकली आणि बंद पडला. दुसऱ्यांदाही तसेच. मग ठरवले की चोरीचा माल दुभाष्यामार्फत चालवण्यापेक्षा सरळ गिम्प शिकावे.

गिम्पचा जन्मही विद्यार्थ्यांच्या हातूनच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले आणि १९९६ मध्ये लोकांना वापरायला दिले. त्यांच्या विद्यार्थी-मंडळाचे नाव एक्सपेरिमेंटल कॉम्प्युटिंग फॅसिलिटी, म्हणून गिम्पच्या फाइलीचे शेपूट आजही एक्ससीएफ. पहिल्या आवृत्तीत खिडक्या आणि बटणे दाखवण्यासाठी मोटिफ नावाची विकत घ्यावी लागणारी साधने वापरली होती. ते मॅटिसला पटेना, म्हणून त्याने स्वतःची साधने लिहिली, जीटीके. पुढे याच जीटीकेवर ग्नोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला, जो आज माझ्या उबुंटूवर दिसतो. म्हणजे आधी फोटो सुधारण्याचा प्रोग्राम, आणि त्याच्या उरलेल्या विटांतून घर. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विनही लॅरी युइंगने १९९६ मध्ये गिम्पमध्येच काढला. दोघे विद्यार्थी शिक्षण संपवून निघून गेले, काम मात्र स्वयंसेवकांनी उचलले. तेव्हापासून ते तसेच चालू आहे, कधी धावत, बऱ्याचदा रखडत. २.१० ही आवृत्ती २०१८ ची, आणि ३.० मार्च २०२५ मध्ये आली.

आता माझ्या अडचणी.

पहिली रंगाची. स्कॅन केलेला कृष्णधवल फोटो गिम्पमध्ये उघडला तर पिवळट दिसे. तोच फोटो ब्राउझरमध्ये उघडला तर ठीक. मी दोन संध्याकाळी स्कॅनरला दोष देत बसलो. खरे कारण असे की रंग म्हणजे फाइलीत नुसते आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा कोणत्या पडद्यावर काय अर्थ लावायचा याची चिठ्ठी वेगळी असते, तिला प्रोफाइल म्हणतात. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था काढली ती ही चिठ्ठी सर्वांना वाचता यावी म्हणून. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे सर्वसाधारण माप सुचवले. तरी भांडण मिटले नव्हते. मॅकचा पडदा १.८ गॅमावर चाले आणि विंडोजचा २.२ वर, त्यामुळे मॅकवर छान दिसणारा फोटो विंडोजवर काळवंडलेला दिसे. मॅकने २००९ मध्ये आपले माप बदलले तेव्हा कुठे हा घोळ संपला. माझ्या बाबतीत झाले होते ते याहून साधे. लिनक्सने माझ्या मॉनिटरमध्ये कारखान्यात भरलेली माहिती वाचून आपणहून एक प्रोफाइल बनवले होते आणि ती माहितीच चुकीची होती. ब्राउझर त्याकडे दुर्लक्ष करत होता, गिम्प मात्र इमानदारीने पाळत होते. सेटिंगमधल्या रंगाच्या विभागात जाऊन ते प्रोफाइल बंद केले आणि फोटोतल्या सफेद टोप्या पुन्हा सफेद झाल्या. कोणाला हा त्रास झाला तर आधी एवढे करून पाहा : तोच फोटो दोन प्रोग्रामांत उघडा. एकात बरोबर आणि एकात चूक दिसला तर फोटो निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. मी हात लावला होता. अकरा फोटोंचा पिवळेपणा 'दुरुस्त' करून ठेवला होता, म्हणजे ते निळे करून ठेवले होते. ते पुन्हा स्कॅन करावे लागले.

बाकीच्या किरकोळ अडचणी भराभर सांगतो. 'सेव्ह' दाबले तर गिम्प जेपीईजी देत नाही, फक्त स्वतःची एक्ससीएफ फाइल देते. २०१२ च्या २.८ पासून ही पद्धत आहे, आणि जेपीईजीसाठी 'एक्स्पोर्ट' वापरायचे. आधी राग येतो, नंतर कळते की मूळ काम वाचवणारी ही शिस्त आहे. पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर प्रोग्राम स्नॅप पद्धतीने बसवला आहे का आणि त्याला बाहेरची साठवण वाचण्याची परवानगी आहे का ते पाहावे. प्रोग्राम उघडताच मिटत असेल तर तो टर्मिनलमधून सुरू करावा, का मिटला ते तिथे लिहून येते. नाहीच जमले तर सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदलावे, गिम्प नवा कोरा बनवून घेते. २.१० साठीचे प्लग-इन ३.० मध्ये चालत नाहीत, त्यात वेळ घालवू नये. आणि फाइलींच्या नावात मोठी-लहान इंग्रजी अक्षरे जपावीत. डॉसच्या काळात सगळी नावे मोठ्या अक्षरांतच असत, म्हणून विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात. युनिक्सने पहिल्यापासून दोन्हींत फरक केला. माझ्या यादीतले निम्मे फोटो 'सापडत नाहीत' म्हणून आले, ते एवढ्यासाठीच.

खरा प्रश्न अक्षरांचा होता. फोटोशॉपची पीएसडी फाइल गिम्पमध्ये उघडली तेव्हा नावांच्या लेअर दिसल्या, पण चित्र म्हणून. अक्षर राहिले नव्हते, अक्षराचा फोटो राहिला होता. 'सीन' पुसून 'स्वाद' लिहिता येणार नव्हता. मग वाटले, नावांची यादी वर्डमध्ये आहेच, तिथून उचलू. ती उघडली तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांची खिचडी. उर्दूची यादी तर इनपेजच्या फाइलीत होती आणि इनपेज लिनक्सवर नाही.

हे समजायला थोडे मागे जावे लागते. मराठीला छपाईत शिशाचे खिळे फार पूर्वीपासून मिळाले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे देवनागरी खिळे इतके सुबक की त्यांची ख्याती मुंबईबाहेर दूरवर गेली. उर्दूला ते सुख नव्हते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो, प्रत्येक अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलते. खिळे सरळ ओळीत बसतात, नस्तालीक बसत नाही. म्हणून सेनेफेल्डरने १७९६ मध्ये शोधलेली शिळाछपाई उर्दूने मनापासून उचलली. कातिबाने हाताने लिहायचे आणि दगडावरून तेच छापायचे. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहून निघत होते, ते हौसेखातर नव्हे. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसाठी सुमारे २०,००० जोडाक्षर-रूपे हाताने लिहून काढली, त्यांतून नूरी नस्तालीक तयार झाले. 'नूरी' हे त्यांच्या वडिलांच्या नावावरून. १९८१ मध्ये 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती त्यात निघाली. तेच वळण घेऊन दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने नव्वदच्या दशकात इनपेज बनवले आणि मुंबईपासून मालेगावपर्यंत लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, मुशायऱ्याचे पोस्टर, सगळे त्यात होऊ लागले. कातिबांचे काम गेले. माझ्या लहानपणी पाहिलेले एक कातिब नंतर दुकानांच्या पाट्या रंगवत असत.

पण इनपेजने अक्षरांना दिलेले आकडे त्याचे स्वतःचे होते. मराठीतही तेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाचे आकडे वेगळे. बहुतेकांची युक्ती एकच : इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा. संगणकाला वाटते इंग्रजी लिहिले आहे, फॉन्ट त्यावर मराठीचा बुरखा घालतो. फॉन्ट काढला की बुरखा गेला आणि खिचडी दिसली. माझ्या यादीत गेल्या वीस वर्षांत एकही मराठी अक्षर नव्हतेच, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरी वाट तेव्हाही होती. १९९१ मध्ये आपल्याकडे इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. पण छापखान्यांना, डीटीपीवाल्यांना आणि आम्हा मास्तरांना श्रीलिपी आणि इनपेज पुरत होते. का बदलावे? त्याचे बिल आता आले.

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. मी समजत होतो की महाग सॉफ्टवेअर सोडून फुकटातले घेतो आहे, तर उर्दूचे हाल होणार. माझ्या जुन्या फोटोशॉपमध्ये उर्दू थेट टंकली तर अक्षरे सुटी आणि उलटी येत. अरबी-हिब्रूसाठीची आवृत्ती वेगळी विकली जाई, आणि ती आमच्याकडे नव्हती. मराठीच्या वेलांट्या भलतीकडे पडत. म्हणून आम्ही इनपेजमध्ये ओळ लिहून, तिचे चित्र करून फोटोशॉपमध्ये चिकटवत असू आणि यालाच पद्धत म्हणत असू. गिम्पमध्ये मी नुसता युनिकोडचा उर्दू कीबोर्ड लावला, नोटो नस्तालीक फॉन्ट घेतला आणि नाव टंकले. ते उजवीकडून उतरत खाली आले, जसे यावे तसे. ओळीची उंची जरा जास्त धरते, ती कमी करावी लागली, एवढेच.

हे करणारी दोन यंत्रे गिम्पच्या पोटात आहेत. एकाचे नाव पँगो : ग्रीकमधला 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानीतला 'गो' म्हणजे भाषा. दुसरे हार्फबझ. हे नाव मी कित्येकदा वाचले होते आणि इंग्रजीच समजत होतो. ते फारसी आहे, हर्फ-बाज़. हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे उघडे. 'ओपन टाइप' या फॉन्ट-पद्धतीचे फारसी भाषांतर. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने ते लिहिले. लिनक्सच्या खिडकीत, अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये आपण जे मराठी वाचतो त्याच्या मात्रा-वेलांट्या हेच जागेवर बसवते. माझ्या 'ऱ्या'चा तुटका रफारही याने बरोबर दाखवला. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक आहे हे कोणीतरी त्याला शिकवले आहे. गिम्पच्या मजकुराच्या पर्यायांत 'भाषा' असा रकाना आहे, तिथे मराठी निवडले आणि फॉन्टमध्ये सोय असली की 'ल' आणि 'श' हिंदी वळण सोडून मराठी वळण घेतात. वर्गात मी फळ्यावर मुलांचा 'ल' किती वेळा पुसून काढला असेल!

मग सगळी नावे पुन्हा टंकायला घेतली. मराठी यादीसाठी जुना फॉन्ट लिनक्समध्ये टाकला, म्हणजे निदान वाचता आली, आणि पाहून पाहून युनिकोडमध्ये लिहिली. आकडे बदलून देणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरांत ती चुकतात, आणि इथे नावे होती. उर्दू यादीसाठी शेजारच्या सायबर कॅफेत जाऊन इनपेजमधून कागदावर छापून आणली. कातिबाच्या वेळेसारखेच, समोर कागद ठेवून नक्कल. उर्दूची गोल 'हे' आणि अरबीची 'हे' पडद्यावर कधी कधी सारखी दिसते पण आकडा वेगळा, तसेच 'ये'चे. ते मिसळले तर उद्या कोणी नाव शोधले तर सापडणार नाही. म्हणून कीबोर्ड एकच ठेवला, उर्दूचा.

नावे पुन्हा लिहिताना आणखी चार चुका सापडल्या. दोन उर्दूत, एक मराठीत, आणि एका फोटोत डावीकडून तिसरा आणि चौथा यांची अदलाबदल. ती शेवटची चूक कोणत्याही सॉफ्टवेअरची नव्हती. त्यातल्या एका गृहस्थांच्या मुलाला फोन करून खात्री केली. ते म्हणाले, "मी पाहिले होते सर, पण म्हटले राहू दे."

आपांच्या अब्बांचा फोटो मी सगळ्यात शेवटी केला. 'स्वाद' लिहिला, मोठा करून पाहिला, एक्ससीएफ वेगळी ठेवली, मग जेपीईजी काढून त्यांच्या मोबाइलवर पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आले, रोमन लिपीत उर्दू : "शुक्रिया. मराठी में 'स' के बाद वाली मात्रा भी देख लीजिए."

पाहिली. त्यांचे म्हणणे बरोबर होते.